शेवटच्या दिवशी सासू

आमच्या घरमालकीण आक्का थायलंडला गेल्या त्या हत्ती बघायला. भिशीच्या बायकांची सहल होती. दुसऱ्याच दिवशी त्यांचे गुडघे धरले, तेव्हा बाकीच्या बायका त्यांना एका मालिशच्या दुकानात बसवून हत्तींकडे गेल्या. संध्याकाळी परत येऊन बघतात तर आक्का गादीवर पालथ्या, त्यांच्या मांडीवर एक किडकिडीत म्हातारी उभी, आणि आक्का डोळे मिटून म्हणतायत, "हत्ती गेला उडत. हितंच ऱ्हाऊ द्या मला."

त्या वेळी बायकांनी ओढून परत आणलं. पण दिवाळी झाली आणि आक्का एकट्या पुन्हा गेल्या. बॅगेत निम्मे कपडे, निम्मं बाजरीचं पीठ. मुलं म्हणाली, "आई, तिथली भाषा येत नाही, इंग्रजी येत नाही, शिकणार काय तू?" आक्का म्हणाल्या, "वासराला चाटायचं कसं ते शिकाया गाय काय साळंत गेल्ती का?"

त्याच म्हातारीच्या हाताखाली त्या राहिल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आक्कांचा पाय चुकीच्या जागी पडला की म्हातारी हातातल्या बांबूच्या पंख्यानं त्यांच्या घोट्यावर मारायची, आणि बरोबर पडला की दुसरा घोटा बघायची. एवढंच शिक्षण. महिनाभरानंतर एका सकाळी म्हातारीनं पंखा बाजूला ठेवला आणि आक्कांच्या पुढ्यात स्वतः पालथी झोपली.

"तवा मला कळलं, मी पास," आक्का सांगायच्या. "कागदाचं काय, शिक्का कुणी बी मारतो. पाठ कुणी बी देत न्हाई."

म्हणून आक्कांनीही कधी कुणाला सर्टिफिकेट दिलं नाही. परत आल्यावर त्या दरवर्षी बायकांना हे मालिश शिकवायचं शिबीर घेत; त्यात जी बाई पास होई तिच्यासमोर त्या सरळ पालथ्या झोपत. जी होत नसे तिच्यासमोर त्या उभ्या राहत आणि म्हणत, "पुढल्या साली ये."

थेरगावात डांगे चौकाच्या मागं त्यांची इमारत आहे. पूर्वी तिथं त्यांचं वांग्याचं शेत होतं. आक्कांना अजून कुठली खोली कुठल्या वाफ्यावर उभी आहे ते पाठ. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं सारखं भांडायचं, तेव्हा म्हणाल्या, "तितं खाली किडकीच वांगी यायची."

भाडेकरू ठेवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. आधार कार्ड, करारनामा वगैरे थोरला मुलगा बघायचा, पण त्याआधी आक्का माणसाला पार्किंगमध्ये अनवाणी चालायला लावत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आयटीतली चांगली शिकलेली मुलं हातात बूट धरून चालून दाखवायची. आक्का खुर्चीवर बसून फक्त पायांकडे बघत. "टाच घासत चालतोय. हा नळ उघडा ठिवून जाणार. नको." किंवा, "ही बाय पंजावर चालती. भित्री हाय, पण सोच्छ ऱ्हाईल. दे हिला."

मी पार्लरसाठी खालचा गाळा मागायला गेले तेव्हा मलाही चालवलं. म्हणाल्या, "घाईची हायस. मागली टाच उचलायच्या आदी पुढलं पाऊल. पण सरळ पडतंय. घे गाळा."

माझा नवरा चाकणला एका कंपनीत पेंट शॉपला आहे. दिवसभर उभं राहायचं काम. त्याची कंबर धरली की तो वर आक्कांकडे जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा मला म्हणाला, "बरं वाटतंय, पण घरमालकीण अंगावर उभी होती हे कंपनीत कुणाला सांगू नको हं." सकाळी कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं कोपऱ्यावर उभी असत. आक्का गॅलरीतून त्यांच्याकडे बघत चहा पीत आणि एकेकाचं भविष्य सांगत. "निळ्या शर्टाची कंबर चाललीया. त्या उंच पोराचं ठीक हाय, पण मान बगा, कोंबड्यावानी." एकदा खाली ओरडून त्यांनी एकाला सांगितलं, "ए राजा, दोन्ही पायांवर हुबा ऱ्हा, एक काय भाड्यानं दिलाय का?" पोरगं दचकून सरळ झालं. त्यानंतर त्या कोपऱ्यावरची सगळी रांग आक्का दिसल्या की सरळ उभी राहायची.

माझं गाडं अडलं ते मनगटावर. आयब्रो करताना धाग्याचं एक टोक दातात, बाकीचा धागा दोन हातांत, आणि मनगट सारखं उघड-मीट. अनेक वर्षं हेच केल्यावर उजवं मनगट एके दिवशी संपावर गेलं. कढई उचलेना, कणीक मळवेना. डॉक्टर म्हणाले, हे काम थांबवा. नवरा म्हणाला, कंपनीत पॅकिंगला बघू. पॅकिंगलाही मनगटच लागतं हे मी त्याला सांगितलं. खरी गोष्ट अशी होती की दुसरं काही मला येत नव्हतं आणि घरी बसायची मला सवय नव्हती.

गाळा सोडते असं सांगायला मी वर गेले. आक्का लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हात गेला तर गेला. पाय हायत की."

"पायांनी काय करू?"

"मी काय करती? थाई मालिश समदं पायावर, गुडघ्यावर आन् अंगाच्या भारावर चालतं. मनगटाला सुट्टी. शिबिराला चल. पास झालीस तर दुसऱ्या मजल्यावरचा हॉल तुला देते. नातवाची जिम बंद पडलीया, तितं आता नुसते आरसे हायत."

"आणि नाही झाले तर?"

"तर माज्या बिल्डिंगीत अर्धवट पाय चालायचा न्हाई. दुसरं काय तरी बघ."

आक्का खोटं बोलत नसत आणि वाक्य गोडही करत नसत. मी नाव नोंदवलं.

घरी माझ्या सासूबाईंना सांगितलं. मी त्यांना आत्या म्हणते. मूळच्या लातूरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, वाळक्या आणि ताठ. लग्न होऊन मी घरात आले तेव्हापासून त्यांनी मला कधी पाय चेपू दिले नाहीत. दुखलं तरी नाही, सणावारी मी हट्टानं बसले तरी नाही. म्हणायच्या, "सेवा करून घेतली की मग ऐकूनबी घ्यावं लागतंय. माझं मी बघते." मालिशचं शिक्षण ऐकून त्यांनी ताट बाजूला सारलं. "लोकायला लाथा घालायच्या, अन् वरून पैशे घ्यायचे? कामून करायलीस असलं?"

शिबीर श्रीवर्धनला होतं. आक्कांच्या नातवानं छापलेल्या फ्लेक्सवर इंग्रजीत रिट्रीट लिहिलं होतं आणि खाली नारळाच्या झाडांत एक गोरी बाई ध्यानाला बसली होती. आक्कांनी तो फ्लेक्स उलटा करून आम्हाला बसायला दिला. समुद्रच का, असं मी गाडीत विचारलं. त्या म्हणाल्या, "घराजवळ बाय शिकत न्हाई. तिसऱ्या गल्लीत कुकर वाजला तरी ही उठती." दुसरं कारण आम्हाला पहाटेच कळलं. ओहोटीला त्यांनी आम्हा आठ जणींना ओल्या वाळूवर चालायला लावलं आणि मागून प्रत्येकीची पावलं वाचत आल्या. "ही बग, तुजा भार समदा भाईर. करंगळीवर जगतीस तू. आन् ही कोण, नंदा? तुजी टाच विहिरीवानी गेलीया खोल. एवढी रागात कशापायी चालतीस?"

नंदा एका हॉस्पिटलात आया आहे. ती म्हणाली, "आक्का, घरी सासू आहे."

"ऱ्हाऊ दे, कळलं."

लाट आली आणि सगळं पुसून गेली. आक्का म्हणाल्या, "बगा. फळा बी फुकट, आन् पुसतो बी तोच. चला, पुन्यांदा."

मला तिथं जे वाटलं ते मी सरळ सांगते: मजा आली. इतक्या वर्षांत मला कुणी नवीन काही शिकवलं नव्हतं. सुपारीच्या वाडीत मांडवाखाली गाद्या घातलेल्या, पलीकडून लाटांचा आवाज, आणि मी, एका थकलेल्या मनगटाची बाई, गुडघ्यांवर पुढे-मागे झुलत दुसऱ्या बाईच्या पोटरीत माझा भार सोडायला शिकतेय. मनगटाला काहीच काम नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. सांगवीच्या वैशाली योगाचे वर्ग घेतात, त्यांनी मला विचारलं, "तुम्ही हसताय का हो सारख्या?" मला कळलंच नव्हतं मी हसतेय ते.

कपड्यांचाही एक प्रकार झाला. आम्हाला नातवानं थाई पद्धतीच्या ढगळ विजारी आणल्या होत्या, कमरेला घडी घालून बांधायच्या. आमच्या त्या सारख्या सुटायच्या. आक्का मात्र नऊवारीत. कासोटा घट्ट, गुडघे मोकळे. थायलंडच्या म्हातारीनं पहिल्याच दिवशी त्यांचा कासोटा मागून ओढून बघितला होता आणि मान डोलावली होती म्हणे. "त्यांच्यात बी पूर्वी असंच नेसायच्या," आक्का म्हणाल्या. "तुमी पँटी घालून बसा सावरत."

खरी अडचण आली पाय ठेवायची वेळ आली तेव्हा. जोड्या लावल्या. एक पालथी, दुसरी उभी. आक्का म्हणाल्या, "उजवा पाय मांडीवर. हाडावर न्हाई, मांसावर. मणक्याला कुणाचा पाय लागला तर मी तो मोडीन. हां, ठेवा. भार द्या. उचला."

आठांतल्या चौघी उभ्या होत्या. चौघींनी पाय ठेवला, भार दिला, उचलला, आणि चौघी खाली वाकल्या. खालचीच्या अंगाला हात लावला, तो कपाळाला लावला. खालून चौघी पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "असू दे, असू दे."

आक्का बघत राहिल्या. "पुन्यांदा," म्हणाल्या. पुन्हा तेच. पाय, भार, वाकणं, कपाळ, असू दे.

"आं? शेंगा येचताय काय गं बायांनो?"

आम्ही पोट धरून हसलो, पण हसून काही होईना. लहानपणापासून हाडात भिनलेलं. कुणाला पाय लागला की वाकायचं, पुस्तकाला लागला तरी वाकायचं. मी स्वतःला बजावून पाय ठेवायचे, आणि पाय उचलायच्या आतच माझा हात निघालेला असायचा. थाई मालिशमध्ये लय तुटली की संपलं. खालच्या बाईचं अंग सैल होत आलेलं असतं, ते पुन्हा आवळतं.

आक्कांनी उपाय सुरू केले. आधी आमचे हात ओढणीनं पाठीशी बांधले. नंदा तोल जाऊन वैशालीताईंवरच पडली. मग वाडीतल्या सुपाऱ्या आणून प्रत्येकीच्या दोन्ही मुठींत दिल्या. नमस्कार केला की सुपारी पडणार, पडली की समुद्रापर्यंत पळत जाऊन यायचं. आम्ही मुठी झाकून नमस्कार करायला लागलो. "कशाच्या मातीच्या हायत ह्या!" आक्का मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाल्या.

शेवटी युक्ती त्यांनाच सुचली. सकाळी गादीवर बसायच्या आधी त्यांनी जोड्या समोरासमोर उभ्या केल्या. "कंपनीत पगाराचा ॲडव्हान्स घेता ना? तसा नमस्काराचा ॲडव्हान्स द्या. दिवसभराचे समदे आत्ताच करून टाका. पोटभर." आम्ही वाकलो, उठलो, वाकलो, उठलो, दम लागेपर्यंत. मग आक्का म्हणाल्या, "झालं. आता संध्याकाळपस्तोर समदं फिटलं. जिचा हात खाली गेला ती लबाड, एका नमस्काराचं पुण्य दोनदा वसूल करती."

आणि ते लागू पडलं! वाकायची ओढ आली की डोक्यात कुणीतरी म्हणायचं, दिलाय, आधीच दिलाय. हात जागच्या जागी राहिला. दुपारपर्यंत मी वैशालीताईंच्या मांड्यांवर अशी लयीत चालले की त्या चक्क घोरायला लागल्या. मी आक्कांकडे बघितलं. त्या माझ्या दुसऱ्या घोट्याकडे बघत होत्या.

त्या रात्री जेवताना आम्ही सगळ्या हवेत होतो. भाताचा दुसरा घास घेताना आक्का सहज म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सासू."

"कुणाची?" नंदानं विचारलं.

"जिची तिची. परवा गाडी येतीया. म्या समद्यांना फोन केलाय, हरिहरेश्वराचं दर्शन आन् समुद्र. दर्शन बी घडवणार, खोटं न्हाई. पर आदी हितं मांडवात. जिची सासू न्हाई तिची आई येती, न्हाईतर थोरली नणंद."

नंदानं हातातला घास परत ताटात ठेवला.

मी म्हणाले, "आक्का, माझ्या सासूबाई मला चपलेनं मारतील."

"मार खा. पर पाय ठिवून खा."

"पण का?"

आक्कांनी ताटातली आमटी वाटीत ओतली, म्हणजे त्या गंभीर झाल्या. "उद्या तुज्या हॉलमदी कोण येणार? चाकणची पोरं येतील. त्यांच्या आया बी येतील, आज्या येतील. मोठ्या बाईवर पाय ठेवताना तुजं मन जरा जरी कचरलं की पाय अर्धा पडतो. पुरा पाय कुणाला दुखवत न्हाई. दुखापत व्हती ती अर्ध्या पायानं. आन् सासूवर ज्याचा पाय पुरा पडला, त्याचा जगात कुटंच अर्धा पडायचा न्हाई."

नंदा हळूच म्हणाली, "माझा जरा जास्तच पुरा पडेल."

गाडी आली. सासवा उतरल्या. कुणाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या हातात दर्शनाचा नारळ. आत्या सगळ्यात शेवटी, दाराची दांडी धरून. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी त्यांना कडेला घेऊन गेले. त्यांनी लाटेत बोट बुडवून चाखलं. मग म्हणाल्या, "येवढं पाणी, अन् सगळं खारं. काय उपयोग?"

मांडवात आक्कांनी काही लपवलं नाही. कासोटा खोचून मधोमध उभ्या राहिल्या आणि काय होणार ते सरळ सांगितलं. एका सासूनं लगेच देवाचं नाव घेतलं. एकीनं विचारलं, "दर्शन आधी का नंतर?" नंदाच्या सासूबाई मात्र पदर खोचून गादीवर जाऊन पालथ्या पडल्या. नंदानं पाय ठेवला, तर खालून आवाज, "जोरात दे गं. रोज मनातल्या मनात देतेसच की." मांडव हसून हसून आडवा झाला, आणि नंदाचा पाय, जो विहिरीसारखा जाईल अशी आम्हाला भीती होती, तो अगदी मापात पडला. वैशालीताईंच्या सासूबाई गुदगुल्या होऊन इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. एका बाईचा पाय थरथरत राहिला, तिच्यासमोर आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या साली ये, बाय."

मग माझी गादी.

आत्या हलल्या नाहीत. "मी नाही निजत. मी काय पायपुसणं हाय का?"

"आत्या, बाकीच्यांनी केलं ना."

"बाकीच्या येड्या हायत."

मी आक्कांकडे बघितलं. डोळ्यांपुढे दुसऱ्या मजल्यावरचा हॉल आला, आरशांसकट, आणि मग पॅकिंगच्या खोक्यांची रांग. पास-नापास आता माझ्या पायात उरलंच नव्हतं. मला पाय ठेवायलाच मिळत नव्हता.

आक्कांनी समजूत घातली नाही. त्यांना समजूत घालता येतच नसे. त्या म्हणाल्या, "नका निजू. जरा माज्यासंगं वाळूत चला." दोघी चालत गेल्या, एक नऊवारीतली दांडगी, एक काडीसारखी. मी मागे. थोडं गेल्यावर आक्का वळल्या आणि खाली बोट दाखवलं.

"ताई, तुमी डावा पाय टेकवत न्हाई. नुसता लावताय. खुबा धरलाय. कधीपासनं?"

आत्या लाटेकडे बघत म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यापासून."

"घरात सांगितलं?"

"सांगून काय, ही बसंल चेपत. मग मला तिचं ऐकावं लागंल."

मी तिथंच उभी होते. एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. त्यांनी ते दिसू दिलं नव्हतं.

आक्का म्हणाल्या, "आता सांगा, काय करता? माजी काय जबरदस्ती न्हाई. गाडी दर्शनाला जाणारच हाय."

आत्या मागं वळल्या. मला वाटलं त्या गाडीकडे चालल्या. पण त्या मांडवात आल्या, माझ्या गादीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "निजते. पण एका अटीवर. आधी ही निजंल. आधी माझा पाय हिच्या अंगावर, मग हिचा माझ्या अंगावर. फिट्टंफाट. मग कुणी कुणाचं ऐकायचं कारण नाही."

मी आक्कांच्या तोंडाकडे बघितलं. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, भाडेकरूनं पार्किंगमध्ये सरळ चालून दाखवल्यावरही नाही. "आजपस्तोर एका बी सासूला हे सुचलं न्हाई," त्या म्हणाल्या. "व्हय! निज गं. पालथी. ताई, हाडावर न्हाई, मांसावर. माजा खांदा धरा."

मी झोपले. तोंड गादीत. मला नुसता साडीचा सळसळ आवाज आला आणि मांडीवर एक पाय आला. हलका, कोरडा, टाचेला भेगा पडलेला. क्षणभर भार आला, आला तेवढा. मग गेला. आणि लगेच माझ्या मांडीला बोटं लागली.

मी मान वळवली. आत्या वाकल्या होत्या. त्यांचा हात माझ्या अंगावरून निघून त्यांच्या कपाळाला लागला होता. सासू सुनेला पाय लागला म्हणून वाकत नाही. आमच्या घरात तरी कधी वाकली नव्हती. त्यांना स्वतःलाही ते करून झाल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "असू दे, असू दे."

आठवडाभर शेंगा येचताय काय म्हणून ओरडणाऱ्या आक्का मांडवाच्या खांबावरच्या मुंग्या बघत होत्या.

"ऊठ आता," आत्या करड्या आवाजात म्हणाल्या आणि गादीवर पालथ्या झाल्या.

मी उठले. उजवा पाय त्यांच्या डाव्या मांडीवर ठेवला, खुब्याच्या खाली, मांसावर. मन कचरायला जागाच नव्हती. फिट्टंफाट झालं होतं. भार दिला. खाली काहीतरी करकरीत आवळलेलं होतं, दोरीच्या गाठीसारखं. पुढे झुलले, मागे झुलले, पुन्हा पुढे. लाट येते-जाते तसं, दुसरी तुलना मला सुचत नाही, आणि तिथं कान उघडे ठेवले की तीच लय मिळायची. हळूहळू गाठ ओली माती झाल्यासारखी झाली. हात खाली गेला नाही. कुणीतरी टाळी वाजवली, आक्कांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

थांबले तेव्हा गादीतून आवाज आला, "कामून थांबलीस? अजून वरच्या अंगाला राहिलंय."

संध्याकाळी हरिहरेश्वरहून परत आल्यावर आत्या एकट्याच वाळूत फिरून आल्या. आक्का त्यांच्या मागून पावलं बघत गेल्या आणि येऊन मला म्हणाल्या, "पुरा न्हाई टेकत. हाडाच्या डॉक्टरला दाव, माज्या भरवशावर बसू नको. पर सकाळच्यापरीस बरा हाय." दाखवलं. औषध चालू आहे, आणि दर सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आत्या येतात. आधी मी झोपते, त्या एक पाय ठेवतात, मग त्या झोपतात. चाकणची पोरं कंबर धरून बाकावर रांगेत बसलेली असतात आणि आरशात हे बघून चक्रावतात. एकदा एकानं विचारलं, "मावशी, हे असं आधी तुम्ही का?" आत्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय? सरळ बस."

आक्का आता श्रीवर्धनलाच राहतात. वाडी त्यांनी विकत घेतली. फोन केला की पहिला प्रश्न, "पाय पुरा पडतोय का?" दुसरा प्रश्न नसतो.

पण मला सांगायची आहे ती त्या शेवटच्या संध्याकाळची गोष्ट. सासवा चहा पीत होत्या, आम्ही गाद्या गुंडाळत होतो. माझी गादी तेवढी पसरलेली राहिली होती. आक्का आल्या, कासोटा घट्ट केला, इकडे तिकडे बघितलं नाही. माझ्या पुढ्यात पालथ्या पडल्या. भरल्या अंगाची बाई, जमिनीवर धप्पकन आवाज झाला.

मला काय करायचं ते कळायला थोडा वेळ लागला. मग मी जवळ गेले आणि त्यांच्या मांडीवर पाय ठेवला. पुरा. भार दिला, थांबले, उचलला.

आणि हात निघाला. सासूवर न निघालेला हात, सबंध आठवड्याचा ॲडव्हान्स दिलेला असूनही, सरळ खाली गेला.

गादीत तोंड खुपसलेल्या आक्का मान न वळवता म्हणाल्या, "शेंगा येचू नगंस."

मी येचली. एकच.